जंगल, पाणी, माती की समुद्र? निसर्गसंवर्धनाचे शिक्षण आणि नोकरीची वाट कशी आखावी

बारावीनंतर निसर्गाशी निगडित शिक्षण घ्यायचे ठरवणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात वाघ असतो. ते स्वाभाविकही आहे. २०२२च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत, राज्यात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत आणि ताडोब्याची छायाचित्रे रोज कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलवर येत असतात. परंतु वन्यजीव हा या क्षेत्राचा एक लहान आणि जागांच्या मानाने फार गर्दीचा कोपरा आहे. वने, भूजल, मृदा, गवताळ कुरणे, खाड्या, कांदळवने, मासेमारी आणि या साऱ्यांवर जगणाऱ्या गावांचे हक्क हे सगळे मिळून नैसर्गिक साधनसंपत्तीचे क्षेत्र होते, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर जाणत्या माणसांची उणीव पाणी आणि माती या दोन ठिकाणी अधिक भासते. म्हणून पदवीचे नाव निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: आपल्याला कोणत्या साधनसंपत्तीवर काम करायचे आहे, आणि ते सरकारी सेवेत, संशोधन संस्थेत, स्वयंसेवी संस्थेत की एखाद्या कंपनीत राहून करायचे आहे. बहुतेक जण हे उलट करतात. आधी मिळेल त्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतात आणि नोकरीचा विचार शेवटच्या वर्षी करतात.

भरतीचे नियम आधी वाचावेत

उलट क्रमाचा फटका कसा बसतो, हे भारतीय वनसेवेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. या सेवेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग जी परीक्षा घेतो, तिला प्रत्येक पदवीधर बसू शकतो असे नाही. पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूविज्ञान, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय घेऊन पदवी मिळवलेली असावी लागते, किंवा कृषी, वनविद्या अथवा अभियांत्रिकी यांपैकी एखादी पदवी असावी लागते. या यादीत पर्यावरणशास्त्राचा उल्लेख नाही. नावावरून या सेवेला सर्वांत जवळची वाटणारी पदवी घेतलेला विद्यार्थी केवळ त्या पदवीच्या बळावर अर्ज करू शकत नाही, आणि गणित किंवा भूविज्ञान घेतलेला विद्यार्थी मात्र करू शकतो. त्यामुळे पर्यावरणशास्त्राचीच ओढ असेल, तर पदवीला त्याच्या जोडीने वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्र असा यादीतला विषय राहील अशी रचना असलेले महाविद्यालय पाहावे, किंवा पदवी मूलभूत विषयात घेऊन पर्यावरणशास्त्र पदव्युत्तर पातळीवर घ्यावे. दुसरा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण त्याने कोणतेच दार बंद होत नाही.

राज्यातील पदांनाही हेच लागू होते. सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल ही पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात आणि त्यांच्या अर्हतेची यादी स्वतंत्र असते. मृद व जलसंधारण विभागाच्या जलसंधारण अधिकारी या पदाचा प्रकार तर अधिकच विचार करायला लावणारा आहे. मृद व जलसंधारण हा विषय सविस्तर शिकवला जातो कृषी अभियांत्रिकीत. त्या पदासाठी अलीकडे अर्हता मागितली गेली ती मात्र स्थापत्य अभियांत्रिकीची. हे योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. प्रवेश घेणाऱ्याने एवढेच करावे की आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या मागील दोन-तीन जाहिराती आयोगाच्या आणि संबंधित विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्याव्यात आणि शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद शब्दशः वाचावा. हे काम एका दुपारी होते.

बारावीनंतरच्या वाटा

वनविद्येची चार वर्षांची पदवी राज्यात दोन कृषी विद्यापीठांत मिळते: दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या वाट्याच्या जागा सीयूईटी या देशपातळीवरील सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर भरल्या जातात आणि त्यातून इतर राज्यांतील वनविद्या महाविद्यालयेही खुली होतात. या पदवीत रोपवाटिका, वृक्षलागवड, वनमोजणी, काष्ठशास्त्र, कृषिवानिकी, वन्यजीव व्यवस्थापन आणि वनकायदे असे सर्व काही असते. दापोली आणि अकोला यांतून निवड करण्याची संधी मिळाली तर भोवतालचा प्रदेश पाहावा. दापोलीच्या आसपास सह्याद्रीचा उतार, खासगी जंगले, देवराया आणि खाडीकिनारा आहे. अकोल्याहून सातपुड्यातील मेळघाटची शुष्क पानझडी जंगले जवळ पडतात.

समुद्र आणि गोडे पाणी यांची आवड असणाऱ्यांसाठी रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचीही मत्स्य महाविद्यालये आहेत. याच विद्यापीठाची पशुवैद्यक पदवी घेतलेला विद्यार्थी पुढे वन्यजीवांच्या उपचाराकडे वळू शकतो, आणि त्यासाठी नागपूरजवळच्या गोरेवाडा येथील वन्यजीव केंद्राचा आधार आहे. वन्यजीवांच्या वैद्यकाची वाट अवघड असली तरी खऱ्या गरजेची आहे, कारण बिबटे आणि वाघ यांना बेशुद्ध करून सुरक्षित हलवणारे अनुभवी पशुवैद्य राज्यात मोजकेच आहेत. गोव्यात राहणाऱ्या किंवा तेथे जाऊ शकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी गोवा विद्यापीठातील सागरी विज्ञानाचे शिक्षण आणि दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जी १९६६पासून काम करीत आहे, हे जवळजवळ एकाच आवारातले लाभ आहेत.

व्यावसायिक पदवीला प्रवेश मिळाला नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूविज्ञान किंवा संख्याशास्त्र घेऊन केलेली साधी विज्ञान पदवी या क्षेत्रात आजही पुरेशी ठरते. भूगोल घेणाऱ्यांना नकाशाशास्त्राचा पाया आपोआप मिळतो. मात्र वर सांगितलेल्या केंद्रीय यादीत भूगोल नाही, हे ध्यानात असावे.

पाण्याचा आणि मातीचा रस्ता

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, आणि ते साठवण्याची त्याची क्षमता मर्यादित असते. एका शेतातील विहिरीला बारमाही पाणी आणि शेजारच्या शेतातील दोनशे फुटांची कूपनलिका कोरडी, असे या खडकात नेहमी घडते. हे का घडते ते गावाला समजावून सांगू शकणारा माणूस म्हणजे जलभूवैज्ञानिक. त्यासाठी भूविज्ञानात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हा सरकारी मार्ग आहे. पुण्यातील अक्वाडॅमसारखी संस्था केवळ भूजलावर संशोधन आणि प्रशिक्षण करते, तर १९९३मध्ये सुरू झालेली वॉटर, म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, ही संस्था पाणलोट विकासाचे काम करते. अशा संस्थांत अभियंते, भूवैज्ञानिक, कृषी पदवीधर आणि समाजकार्याचे पदवीधर एकत्र काम करतात, आणि विषयांच्या भिंती तेथे फारशा टिकत नाहीत.

पाणलोटाचे काम माथा ते पायथा या क्रमाने चालते. डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत जाणारे चर खोदून आणि झाडोरा राखून पाण्याचा वेग मोडायचा, मग उतारावर बांधबंदिस्ती, ओघळींत दगडी बांध किंवा गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध), आणि शेवटी नाल्यावर बंधारा. नवशिक्या कार्यकर्त्याला आणि अनेक लोकप्रतिनिधींनाही शेवटच्या बंधाऱ्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण तो दिसतो आणि त्याचे उद्घाटन करता येते. वरचे काम झालेले नसेल तर तो काही पावसाळ्यांतच गाळाने भरतो. या कामाची दुसरी बाजू अधिक कठीण आहे. अडवलेले पाणी वापरायचे कसे, हा प्रश्न अभियांत्रिकीने सुटत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे मिळालेल्या आणि लागणाऱ्या पाण्याचा हिशेब, मांडून त्यानुसार पिके ठरवली आणि सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावर बंदी घातली. त्या गावाच्या यशाचे श्रेय चरांइतकेच या शिस्तीला आहे. विद्यार्थ्याने पदवीच्या काळात एक काम अवश्य करावे: आपल्या किंवा जवळच्या गावाचा असा ताळेबंद स्वतः मांडून पाहावा. पर्जन्यमापकाच्या नोंदी, विहिरींच्या पाणीपातळ्या, पेरणीचे क्षेत्र आणि प्रत्येक पिकाची पाण्याची गरज एवढ्या माहितीवर तो मांडता येतो, आणि नोकरीच्या मुलाखतीत तो दाखवला तर एखाद्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मातीकडे विद्यार्थ्यांचे लक्ष सर्वांत कमी जाते. नागपूर येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन विभाग आहे, म्हणजे देशातील मातीचे नकाशे बनवणारी मुख्य संस्था आपल्याच राज्यात आहे. कृषी पदवीनंतर मृदाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांसाठी संशोधनाची ही वाट मोकळी आहे, आणि कृषी अभियांत्रिकीसाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ जुने आणि भक्कम आहे.

पदव्युत्तर शिक्षण

या क्षेत्रात बरीच दारे पदव्युत्तर पदवीनंतरच उघडतात, म्हणून ती निवडताना घाई करू नये. वन्यजीवशास्त्रासाठी देशात दोन ठिकाणे विशेष मानली जातात. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीव विज्ञानाची पदव्युत्तर पदवी मिळते. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धन हा अभ्यासक्रम २००४पासून चालतो. त्याचे प्रवेश एक वर्षाआड होतात आणि तेथे अन्य शाखांचे पदवीधरही, अगदी अभियंते आणि डॉक्टरसुद्धा, अर्ज करू शकतात. दोन्हीकडे जागा फार थोड्या असतात. या दोन नावांवर सर्व काही पणाला लावण्याऐवजी पुण्यातील पर्यायांचाही गंभीरपणे विचार करावा: भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेत वन्यजीव संवर्धनाचा कृतिप्रधान अभ्यासक्रम आहे, आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता विभाग आहे आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकवले जाते. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३पासूनची आहे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहून तेथे संशोधनावर आधारित पदव्या घेता येतात आणि पक्षी, सरपटणारे प्राणी किंवा कीटक यांवरचे छोटे अभ्यासक्रमही करता येतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षात यांपैकी एखादा छोटा अभ्यासक्रम केला, तर आपल्याला हे काम खरोखर आवडते की नाही ते थोड्या खर्चात कळते.

वनव्यवस्थापनासाठी भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे. ती १९८२ मध्ये स्थापन झाली, प्रवेश कॅट या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेच्या आधारे होतो आणि कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात शिरण्याचे हे एक चांगले दार आहे. दुसरे दार म्हणजे मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील पर्यावरण आणि पाणी धोरण यांवरचे अभ्यासक्रम. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेच्या अभिमत विद्यापीठात वनविद्या, काष्ठविज्ञान आणि पर्यावरण व्यवस्थापन शिकवले जाते. आयआयटी मुंबईच्या सितारा केंद्रात अभियंत्यांसाठी ग्रामीण तंत्रज्ञान व विकासाचा अभ्यासक्रम आहे आणि त्याचा बराच भाग पाण्याशी संबंधित असतो. परदेशी शिक्षणाचा विचार करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे निकष आधी पाहून मगच विद्यापीठांची यादी करावी, कारण त्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते.

अभ्यासक्रमाबाहेर काय शिकावे

वनस्पती, पक्षी किंवा कीटक यांपैकी एका गटाची ओळख पक्की असावी. शंभर पक्षी थोडेथोडे ओळखणाऱ्यापेक्षा गवतांच्या तीस जाती खात्रीने सांगणारा सर्वेक्षणात अधिक उपयोगी पडतो, आणि गवते ओळखणारे फारच थोडे आहेत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण या दोन्ही संस्थांची पश्चिम विभागीय केंद्रे आहेत, तसेच आघारकर संशोधन संस्थेचा वनस्पतिसंग्रह आहे. आपल्या प्राध्यापकांचे पत्र घेऊन तेथील नमुने पाहता येतात.

त्यानंतर नकाशे आणि आकडे. क्यूजीआयएस ही नकाशे बनवण्याची संगणकप्रणाली विनामूल्य आहे आणि तिच्यावर पाणलोटाची सीमा आखणे, उपग्रहचित्रावरून जमिनीचा वापर ओळखणे ही कामे घरी शिकता येतात. संख्याशास्त्राबाबत जीवशास्त्राचे विद्यार्थी अंग चोरतात आणि तेथेच मागे पडतात. छेदरेषेवरून, म्हणजे जंगलात आखून घेतलेल्या सरळ रेषेवरून, चालत जाऊन किती सांबर दिसले हे कोणीही मोजेल. न दिसलेले किती असावेत, याचा अंदाज बांधण्यासाठी गणित लागते. आर या संख्याशास्त्रीय संगणकप्रणालीत साधी विश्लेषणे करता येऊ लागली की संशोधन प्रकल्पांत साहाय्यक म्हणून निवड होण्याची शक्यता बरीच वाढते.

कायदे मूळ मसुद्यातून वाचावेत: १९२७चा भारतीय वन अधिनियम, १९७२चा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९८०चा वनसंवर्धन अधिनियम, २००२चा जैविक विविधता अधिनियम आणि २००६चा वनहक्क कायदा. शेवटचा कायदा समजला नाही तर विदर्भात काम करणे अशक्य आहे. गडचिरोलीतील मेंढा लेखा या गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाले, आणि त्यानंतर त्या जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानाचा व्यवहार स्वतः करू लागल्या. या ग्रामसभांना जंगलाचा व्यवस्थापन आराखडा बनवायला, रोपवन मोजायला, हिशेब ठेवायला शिकलेली माणसे हवी असतात. वनविद्येच्या पदवीधरासाठी हे नवे काम आहे आणि ते करताना साहेबाच्या भूमिकेत जाऊन चालत नाही.

त्यासाठी भाषेचाही विचार करावा. अहवाल बहुधा इंग्रजीत लिहावा लागतो, परंतु माहिती मिळते ती मराठीत, किंवा गोंडी, कोरकू, भिलीत. संगमनेर-अकोले भागात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून बिबटे जंगलापासून दूर, उसाच्या शेतांत आणि माणसांच्या शेजारी कायम राहतात हे पुढे आले. अशा अभ्यासाचा निम्मा भाग स्वयंचलित कॅमेऱ्यांवर अवलंबून असतो, आणि निम्मा शेतकऱ्यांशी झालेल्या बोलण्यावर.

सरकारी सेवेची चढण

वनखात्याची रचना खालून वर अशी आहे: नियतक्षेत्र (बीट) सांभाळणारा वनरक्षक, त्यावर वनपाल, वनपरिक्षेत्राचा प्रमुख वनक्षेत्रपाल, नंतर सहायक वनसंरक्षक, आणि त्यापुढे उपवनसंरक्षकापासून प्रधान मुख्य वनसंरक्षकापर्यंतच्या पायऱ्या. वनरक्षकासाठी बारावी पुरते, मात्र विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असावा लागतो. पुरुषांना ५ आणि महिलांना ३ किलोमीटर धावण्याची चाचणी असते. भारतीय वनसेवेसाठी पूर्वपरीक्षा नागरी सेवांबरोबर सामाईक असते, मुख्य परीक्षा १,४०० गुणांची आणि मुलाखत ३०० गुणांची असते. निवडलेल्या पुरुष उमेदवारांना चार तासांत २५ आणि महिलांना १४ किलोमीटर चालावे लागते. मुख्य परीक्षेचे पेपर इंग्रजीतच लिहावे लागतात, त्यामुळे मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांनी आपल्या वैकल्पिक विषयाची टिपणे पदवीपासूनच इंग्रजीत काढावीत.

स्पर्धा परीक्षेची तयारी करताना वयाची किती वर्षे द्यायची याची मर्यादा आधीच ठरवून घ्यावी. अभ्यासिकेत पाच-सहा वर्षे काढलेला पदवीधर बाहेर पडतो तेव्हा त्याच्याकडे ना संशोधनाचा अनुभव असतो ना क्षेत्रकार्याचा. तयारीबरोबर एखाद्या प्रकल्पात काम चालू ठेवणे कठीण असते, तरी ते करावे.

संस्था आणि कंपन्या

संशोधन प्रकल्पांतील पदे बहुधा कंत्राटी आणि प्रकल्पाच्या मुदतीपुरती असतात. नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा, उत्तीर्ण कनिष्ठ संशोधन अधिछात्राला २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. नेट नसलेल्या प्रकल्प सहयोगीला त्याहून कमी मिळतात. स्वयंसेवी संस्थांतील सुरुवातीचे वेतन याच्या आसपास किंवा कमी असते, आणि घरच्यांशी हे मोकळेपणाने आधीच बोलून घेणे चांगले.

कंपन्यांकडून येणारे काम दोन प्रकारचे आहे. कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते, आणि तिचा काही भाग पाणलोट आणि वृक्षलागवडीकडे येतो. शिवाय सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला आहे. दुसरा प्रकार पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याचा. २००६च्या अधिसूचनेनुसार खाणी, बंदरे, महामार्ग अशा प्रकल्पांना ते लागते आणि ते करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना परिसंस्था, भूजल, हवा अशा प्रत्येक विषयाचे तज्ज्ञ लागतात. हे काम शिकण्यासाठी उत्तम आहे, पण त्यातील अडचण उघड आहे: ज्या प्रकल्पाचे मूल्यांकन करायचे, त्याचाच प्रवर्तक शुल्क देत असतो. येथे काम करणाऱ्याने आपल्या नोंदवह्या, तारखा आणि स्थाननोंदी स्वतःजवळ नीट ठेवाव्यात आणि जे पाहिले नाही ते अहवालात लिहू नये.

शेवटी एक व्यावहारिक बाब, जी प्रबंधाच्या वर्षी अनेकांना उशिरा समजते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यास करायचा असेल तर नागपूरच्या वनभवनातून, म्हणजे वन्यजीव विभागाच्या प्रधान मुख्य वनसंरक्षकांच्या कार्यालयातून, लेखी परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत हंगाम निघून जाऊ शकतो. म्हणून विषय ठरताच महाविद्यालयामार्फत अर्ज पाठवावा, आणि तोवर परवानगीची तितकी कटकट नसलेल्या जागा निवडून पद्धती पक्क्या कराव्यात. गावाची देवराई, ग्रामपंचायतीचे गायरान, महाविद्यालयाच्या आवारातील तळे किंवा शेताचा बांध यासाठी पुरतो. खासगी किंवा पंचायतीच्या जमिनीसाठी मालकाचे अथवा ग्रामसभेचे संमतिपत्र मात्र घ्यावे आणि काम संपल्यावर अहवालाची मराठी प्रत त्यांना द्यावी.